केळशी ते कवळे : एका प्रवासाची हकीकत

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. फिरंग्यांचा जुलूम असह्य झाला, तेव्हा आपल्या पूर्वजांनी एका रात्रीत देव पालखीत घातले, अघनाशिनी ओलांडली आणि पलीकडच्या अंत्रुज महालात त्यांची स्थापना केली. मागे राहिले ते भ्रष्ट झाले, निघाले ते तरले. आम्हीही बालपणी ही गोष्ट ऐकली आणि पुढे आमच्या मुलांस तशीच सांगितली. गतवर्षी मातोश्रींच्या निधनानंतर त्यांची पेटी आवरताना आमच्या पितामहांची एक वही हाती आली नसती, तर आम्ही ती याच शब्दांत आणखी एकदा सांगितली असती.

ही वही म्हणजे मोडीमिश्रित बाळबोधीत लिहिलेला यात्राखर्च आहे. पितामह मुंबईस एका व्यापारी पेढीवर कारकून होते व गिरगावात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत असत. त्यांनी १९४९, १९५१ व १९५३ साली कुलदेवतेच्या दर्शनासाठी केलेल्या तीन यात्रांचा आणे-पैंचा हिशेब तीत आहे. आगबोटीने वेंगुर्ल्यापर्यंत, तेथून मोटारने सरहद्दीपर्यंत, पुढे तरीने पलीकडे, असा तो मार्ग. या तिन्ही हिशेबांत एक ओळ समान आहे : "केळशीकडील तेल, देवीस." खाली एका ख्रिस्ती गृहस्थांचे नाव. १९५५ च्या पानावर प्रवासखर्च काहीच नाही. केवळ "तेल राहिले" एवढे दोन शब्द आहेत. पितामह १९६० साली वारले. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी.

आमच्या घरातून त्यानंतर कवळ्यास अनेक वाऱ्या झाल्या, परंतु केळशीस कोणी गेले नाही. त्या ख्रिस्ती गृहस्थांचे नाव आमच्या वडिलांच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नव्हते. सौ. म्हणाल्या, "हे देणे राहिलेले आहे. गाडी काढा." गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयतां निघालो.

मुंबई-गोवा मार्गाविषयी ज्ञातिबांधवांस नव्याने सांगण्यासारखे फारसे नाही. कशेडीचा घाट आता बोगद्यातून पार होतो हे सुख, आणि संगमेश्वराच्या अलीकडे चाक पंक्चर होऊन दोन तास उन्हात बसावे लागले हे दुःख. दोन्ही सारख्याच समाधानाने सांगावेत इतके आता ते जुने झाले आहे. कुडाळाहून आम्ही वेंगुर्ल्यास वळलो, कारण पितामह तेथे उतरत.

वेंगुर्ल्याचे बंदर आज निवांत आहे. डचांनी १६३७ मध्ये येथे वखार घातली ती केवळ व्यापारासाठी नव्हे. त्याच सुमारास त्यांनी गोव्याच्या मुखाशी आपली गलबते उभी करून पोर्तुगीजांची नाकेबंदी आरंभिली होती आणि त्यासाठी त्यांस जवळचा आसरा हवा होता. वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. याच परिसरात कोचरे गाव आहे. शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम हे मूळचे तेथले आणि कवळ्याचे आजचे शांतादुर्गेचे मंदिर १७३८ च्या सुमारास उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने. म्हणजे देवी गोव्यातून निघाली ती तेथल्या राज्यकर्त्यांच्या भयाने, आणि तिचे वैभव वाढले ते साताऱ्याच्या दरबारात आपल्यापैकी एकाचे वजन होते म्हणून. आमच्या स्मरणिकांतून पहिल्या अर्ध्यावर जेवढे लिहिले जाते तेवढे दुसऱ्यावर लिहिले जात नाही.

आरवलीस वेतोबाचे दर्शन घेतले. त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या वहाणा वाहण्याची रीत अद्याप चालू आहे. शिरोड्यास १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर तेथल्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षे शिक्षक होते. तेथून गोव्यात शिरण्यास जवळचा रस्ता आहे. तो सोडून आम्ही मुद्दाम सावंतवाडी-बांद्याकडून पत्रादेवीस गेलो.

पत्रादेवीस हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही ही सरहद्द ओलांडू लागले असता पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल येथे पडले. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली, आगगाडी थांबली, जाणे-येणे तुटले. पितामहांच्या वहीतील "तेल राहिले" या शब्दांमागे हा एवढा इतिहास आहे. त्यांनी मात्र वहीत गोळीबाराविषयी किंवा सरकारविषयी काही लिहिले नाही. कारकुनाची वही ती. जे झाले नाही त्याची नोंद केली, एवढेच.

आता थोडे मागच्या काळाकडे वळू. साष्टी व बारदेश हे महाल पोर्तुगीजांस मिळाले १५४३ मध्ये. केळशी आणि कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी, ही गावे तेव्हाच्या साष्टीत मोडत. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळास गेला आणि गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली तीही त्याच वर्षी. ते न्यायासन १८१२ पर्यंत टिकले. त्याची हकीकत कै. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात साधार दिली आहे. पुढे थोड्याच वर्षांत केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास आणि सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगास गेला. नदीपलीकडचा तो मुलूख त्या वेळी आदिलशहाचा होता, हे पुष्कळदा विसरले जाते. आपले देव ख्रिस्ती राज्यातून निघाले ते मुसलमानी राज्यात, आणि तेथे सुरक्षित राहिले. शिवछत्रपतींनी फोंड्याचा किल्ला घेतला तो १६७५ मध्ये, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी. १७६३ मध्ये फोंडा महालही पोर्तुगीजांकडे गेला. परंतु तोवर काळ पालटला होता, देवळांस हात लागला नाही.

हे सारे एका रात्रीत घडले नाही हे या सनावळीवरूनच दिसते. १५५९ साली पितृहीन हिंदू मुलांस ख्रिस्ती करण्याविषयीचा कायदा झाला, आणि ज्या घरात कर्ता पुरुष अकाली गेला तेथे विधवेस रात्र काय नि दिवस काय! दुसरीकडे गावकरीतील जमिनीचा हिस्सा होता. धर्म पालटला तरी गावकराचा हक्क राहत असे. देशांतर केले तर तो गमवावा लागे. पुष्कळ घराण्यांत आजही सांगतात की, एक भाऊ देवाबरोबर गेला आणि एक जमिनीबरोबर राहिला. दामोदर कोसंबींनी गोव्याच्या ग्रामसंस्थेवर जो निबंध लिहिला आहे तो या दृष्टीने आपल्यापैकी प्रत्येकाने वाचावा. त्यांचे पिताजी धर्मानंद यांचा जन्म १८७६ मध्ये केळशीनजीकच्या सांकवाळास झाला होता. तेथील एका जुन्या इगर्जीची नुसती दर्शनी भिंत आगीतून वाचून माळावर उभी आहे. तीही आम्ही वाटेत पाहिली. भिंत सुंदर आहे. तिच्याकडे पाहताना मनात राग यावा अशी आमची अपेक्षा होती. तो आला नाही.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. पालख्या निघाल्या असे आपण म्हणतो. त्या वाहिल्या कोणी आणि होड्या वल्हविल्या कोणी, त्यांची नावे आमच्या एकाही ग्रंथात आम्हांस सापडली नाहीत.

केळशीस पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. वहीतील नाव उच्चारताच एका दुकानदाराने घर दाखविले. जांभ्याच्या चिऱ्यांचे, मंगलोरी कौलांचे, पुढे बैठकीचा सोपा असलेले ते घर भाटातील माडांच्या सावलीत आहे. घरी त्या गृहस्थांची कन्या एकट्याच राहतात. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांचे नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते येथे देत नाही. आमची मालवणी वळणाची कोकणी ऐकून त्या प्रथम हसल्या. मग वही पाहिली. वाचता येत नसूनही त्या कितीतरी वेळ ती हातात धरून बसल्या.

त्यांना पितामह आठवत होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, बगलेत छत्री. ते येत, सोप्यावरच बसत आणि घरातील पाणी घेत नसत. त्यांच्यासाठी शहाळे उतरवीत. तेही ते स्वतःच्या हाताने फोडून पीत. ती चौदा-पंधरा वर्षांची मुलगी खिडकीतून पाहत असे. "आमच्या आईला त्याचे काही वाटत नसे," त्या म्हणाल्या, "ती म्हणायची, तो आमच्या थोरलीकडे निघाला आहे, त्याला त्याचे सोवळे सांभाळू दे." थोरली म्हणजे कोण, हे विचारण्याची गरज उरली नाही. त्यांच्या घरातून वर्षाच्या पहिल्या घाण्याचे खोबरेल देवीच्या नंदादीपासाठी पाठविण्याची चाल होती. केव्हापासून, हे त्यांना ठाऊक नव्हते. नात्याचा उलगडाही त्यांना करता आला नाही; आजी सांगत असे की मुंबईचे ते घर आणि हे घर एका जोत्यावरचे, एवढेच.

आम्ही खाली मान घालून बसलो होतो. सौ.नी पाणी मागितले. तांब्या आला, तो त्यांनी रिकामा केला, आणि मग चहाही झाला. आम्हीही घेतला. यात मोठेसे काही केले असा आमचा दावा नाही. सत्तर वर्षांपूर्वी पितामहांनी तो घेतला असता तर त्यांस प्रायश्चित्त पडले असते, आम्हांस काहीच पडले नाही. परंतु जो मनुष्य त्या घरचे पाणी पीत नव्हता, तोच त्या घरचे तेल देवीपर्यंत नेत होता, आणि वहीत त्याची नोंद स्वच्छ अक्षरांत करीत होता, हे दोन्ही एकाच माणसाविषयी खरे आहे. यांपैकी एकच सांगितले तर त्यांच्यावर अन्याय होईल.

"१९५५ साली तेल काढून ठेवले होते," त्या म्हणाल्या. "दोन वर्षे बरणी तशीच होती. मग आईने ते घरातल्या क्रुसापुढे जाळले. म्हणाली, आता येथेच पोहोचू दे."

निघताना त्यांनी आतून एक बाटली आणली. तेल विकतचे होते. घाणा कधीच बंद झाला आहे, याबद्दल त्यांनी दोनदा दिलगिरी दर्शविली.

केळशीहून कवळे मोटारने तासाभराचेही नाही. लोटलीवरून बोरीच्या पुलाने नदी ओलांडली. बोरी हे कवी बा. भ. बोरकरांचे गाव. पुलावर गाडी थांबविता येत नाही म्हणून वेग कमी केला, इतकेच. ज्या पाण्यापलीकडे जाण्यासाठी एके काळी घरे फुटली ते आम्ही मिनिटभरात पार केले. मंगेशीस दुसऱ्या दिवशी गेलो, सौ.चे माहेर मंगेशाचे. तेथील दीपमाळ व तळे सर्वांनी पाहिलेले आहे, त्याचे वर्णन करीत नाही.

कवळ्यास दुपारची आरती नुकतीच आटोपली होती. ओटी भरली, अभिषेकाचे सांगितले, तेल दिले. पावती करणाऱ्या गृहस्थांनी नेमाप्रमाणे विचारले, "नाव? गोत्र? गाव?" अभिषेकाचे आम्ही सांगितले. तेलाचे कोणाच्या नावे लिहावे, येथे आम्ही अडखळलो. त्या वृद्ध बाईंचे नाव सांगावे तर त्या गृहस्थांस काय वाटेल, हा विचार आमच्या मनात आला, हे लपवीत नाही. सौ.नी ते आडनावासह स्पष्ट सांगितले. गृहस्थांनी मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "गाव केळशी ना?" मग लिहिले. गोत्राचा रकाना कोरा सोडला. त्यांनी आणखी काही विचारले नाही, आणि अशी पावती त्यांनी पूर्वी कधी केली होती काय हे आम्हीही विचारले नाही. परतताना ती पावती आम्ही केळशीस नेऊन दिली. त्यांनी ती क्रुसाच्या चौकटीत खोचून ठेवली.

आपल्या सभेतर्फे सिद्ध होणाऱ्या वंशावळींत आमच्या घराण्याचा जो वृक्ष आहे, त्यात केळशी सोडलेल्या पुरुषापासून आरंभ केलेला आहे. त्याच्या शेजारी एक रेघ ओढून ती रिकामी ठेवावी, अशी विनंती आम्ही संपादक मंडळास लेखी केली आहे. कागदी पुरावा म्हणून आमच्याकडे वहीतील तीन ओळी व एक पावती आहे. वंशावळीस एवढे पुरत नाही हे आम्ही जाणतो, म्हणून नाव घालण्याचा आग्रह धरलेला नाही. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी १९५५ पूर्वीचे यात्राखर्च, पत्रे किंवा देवस्थानच्या जुन्या पावत्या असतील त्यांनी त्यांच्या प्रती सभेच्या कार्यालयाकडे पाठवाव्यात. मोडी वाचणारे दोघे सभासद त्या वाचून देण्यास सिद्ध आहेत.