शकशुका

टोमॅटो, मिरची आणि कांदा-लसूण यांचा मसालेदार रस्सा दाट आटवून त्यातच अंडी फोडून शिजवलेला उत्तर आफ्रिकेतील पदार्थ. ट्युनिशिया, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्को या देशांत तो घरोघरी होतो. ज्या पसरट भांड्यात तो शिजतो ते तसेच पानावर आणून पावाच्या तुकड्याने टिपून खाण्याची रीत आहे. नाश्त्याचा पदार्थ म्हणून तो जगभर गाजला असला, तरी त्याच्या मूळ प्रदेशात तो दुपारी वा रात्रीही खाल्ला जातो.

उत्तर आफ्रिकेतील बोली अरबीत ‘शकशुका’ म्हणजे कालवाकालव, मिसळ. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. पण मराठीत ‘मिसळ’ जशी पदार्थाचे नाव होऊन बसली, तसेच येथेही झालेले दिसते. या नावात अंड्याचा मागमूस नाही. अल्जीरियात नुसत्या मिरची-टोमॅटोच्या भाजीलाही शकशुका म्हणतात, तर तुर्कस्तानात याच नावाने तळलेल्या वांग्यांचा, बिनअंड्याचा पदार्थ ओळखला जातो. थोडक्यात, नाव रश्शाचे आहे; अंडी मागाहून आली.

टोमॅटो आणि मिरची या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील. 1492 नंतरच्या दळणवळणातून त्या स्पेनमार्गे भूमध्य समुद्राभोवती पसरल्या. इटालियन वैद्य पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली याने 1544 मध्ये टोमॅटोचे वर्णन केले. युरोपातील ते सर्वांत जुन्या वर्णनांपैकी आहे. त्यामुळे आजच्या रूपातली शकशुका फार प्राचीन असणे शक्य नाही.

मसाल्यांत जिरे, धने आणि लाल मिरचीची पूड मुख्य. ट्युनिशियात त्यांच्या जोडीला कॅरावे पडते. ते दिसायला शहाजिऱ्यासारखे असले तरी वासाने निराळे असते. तेथील शकशुकेचा खरा जोर हरिसात असतो. वाळलेल्या लाल मिरच्या भिजवून, लसूण, धने, कॅरावे व मीठ घालून वाटलेला आणि वर ऑलिव्ह तेल घालून टिकवलेला हा ठेचा म्हणजे हरिसा. ट्युनिशियाच्या हरिसाचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. लिबियात रश्शात खारवून वाळवलेले मांस घालतात. ट्युनिशियातील ‘ओज्जा’ हा जवळचा प्रकार असून त्यात मेर्गेझ हे तिखट सॉसेज घालतात आणि अंडी बहुधा ढवळून मोडतात.

कृती सोपी असली तरी तिचा सगळा भार रश्शावर आहे. चार अंड्यांसाठी सुमारे 500 ग्रॅम पिकलेले टोमॅटो, एक कांदा, एक ढोबळी मिरची व तीन-चार लसूणपाकळ्या पुरतात. दोन मोठे चमचे तेलात कांदा व ढोबळी मिरची मऊ होईपर्यंत परततात, मग लसूण व मसाले घालतात. मिरचीपूड चटकन करपून कडवट होते, म्हणून तिला क्षणभरच तेल दाखवून लगेच चिरलेले टोमॅटो व मीठ टाकतात. हे मिश्रण 15 ते 20 मिनिटे आटवावे लागते. पळीने भांड्याच्या तळाशी रेघ ओढली असता ती लगेच भरून येऊ नये आणि कडेला लालसर तेल सुटावे, ही तयारीची खूण. घाई झाली की फसगत येथेच होते: पातळ रश्शात अंडी पसरतात आणि पांढऱ्या चिंध्या तरंगू लागतात.

रस्सा दाटला की आमटीसाठी भाताला करतात तशी आळी करून त्यांत एकेक अंडे फोडतात. वाटीत आधी फोडून मग सोडल्यास बलक फुटत नाही आणि नासके अंडे वेळीच कळते. त्यानंतर आच मंद ठेवून झाकण घालतात. पाच ते आठ मिनिटे पुरतात. पांढऱ्या भागातील प्रथिने सुमारे 62° से. पासून गोठू लागतात, पण तो घट्ट व्हायला 80° से. च्या आसपास उष्णता लागते. बलक मात्र 70° से. ला गोठतो. तरीही बलक मऊ राहून पांढरा भाग शिजू शकतो, कारण पांढरा भाग गरम रश्शात बुडालेला असतो आणि बलक वर उघडा असतो. झाकणाखालची वाफ वरचा पातळ थर शिजवते. झाकण फार वेळ राहिले तर बलकही घट्ट होतो. लहान मुले, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी तो तसाच घट्ट शिजवणे सुरक्षित. टोमॅटोच्या आंबटपणामुळे बिनकल्हईचे पितळी भांडे वर्ज्य, तसेच न मुरलेली लोखंडी कढईही टाळावी. ती रश्शाला धातूची चव देते.

ट्युनिशिया, लिबिया इत्यादी देशांतून 1950 च्या सुमारास इस्राएलमध्ये गेलेल्या ज्यूंनी हा पदार्थ सोबत नेला. मांस किंवा दूध नसल्याने ज्यू आहारनियमांत तो सहज बसला आणि तेथील उपाहारगृहांत न्याहारीसाठी रुळला. जेरुसलेममध्ये जन्मलेले, लंडनमध्ये उपाहारगृहे चालवणारे योताम ओत्तोलेंगी यांच्या पुस्तकांमुळे इंग्रजी वाचकांत तो पसरला. ‘इस्राएली न्याहारी’ ही त्याची ओळख अर्धवट आहे. त्याची मुळे उत्तर आफ्रिकेतच शोधावी लागतात. फेटा चीज पेरणे किंवा टोमॅटोऐवजी पालक घालून ‘हिरवी शकशुका’ करणे, हे नंतरचे फेरफार.

अशाच घडणीचे पदार्थ इतरत्रही आहेत. तुर्कस्तानातील ‘मेनेमेन’ मध्ये अंडी बहुधा ढवळतात, नेपल्सकडील एका पदार्थात ती तिखट टोमॅटो रश्शात अखंड शिजतात, तर मेक्सिकोच्या ‘वेवोस रांचेरोस’ मध्ये अंडी वेगळी तळून वर सालसा ओततात. मुंबई-गुजरातच्या पारशी घरांतील ‘टामेटा पर ईडू’, म्हणजे टोमॅटोवरचे अंडे, शकशुकेच्या सर्वांत जवळ जाते. त्यातही दाट परतलेल्या टोमॅटो-कांद्यावर अंडी फोडून झाकण घालतात. महाराष्ट्रात अंडी फोडून सोडलेले कालवण होते, पण त्याचा आधार कांदा-खोबऱ्याचे वाटण असतो आणि रस्सा भाकरी किंवा भाताबरोबर खाण्याजोगा पातळ ठेवतात.