आजोचा खोकला आणि केईएमचं अंतर

आमच्या कट्ट्याच्या घरात पहाटे कोंबड्याच्या आधी आजोचा खोकला उठायचा. खोकून खोकून दमला की पडवीतल्या खांबाला टेकून म्हणायचा, "कफ भरलोहा, पण भायर येना नाय." आजी पाणी ऊन करायची, तुळशी-आल्याचा काढा द्यायची. डॉक्टर बाटली द्यायचे. बस्स.

आजो परळच्या एका गिरणीत ब्लोरूमला होता. कापूस पिंजण्याचं खातं, सगळ्यात जास्त धूळ तिथेच. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजो गावी आला तो परत गेलाच नाही. आपल्या मालवण-कुडाळात असे किती आले, तुम्हीच आठवा.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळते, ही त्याची सुरुवात. वर्षानुवर्षं धूळ गेली की मग रोजचाच खोकला, बेडका आणि दम. आजोच्या कागदांवर हा शब्द कधीच आला नाही. "जुना खोकला" एवढंच.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी आई. जुन्या टीबीने तिच्या फुप्फुसातल्या नळ्या सैल पडल्यात, त्यात कफ साचतो. गेल्या वर्षी एका फिजिओथेरपिस्ट मुलीने तिला कुशीवर झोपवलं, हाताची ओंजळ करून पाठीवर बाजूने हलकं थापटलं, आणि सांगितलं, "आता खोकू नका. तोंड उघडं ठेवून, चष्म्याची काच पुसताना वाफ सोडतो तसा 'हा' करा." पंधरा मिनिटांत कफ सुटला. मी बघतच राहिलो.

मग वाचत गेलो. शरीराची ठेवण बदलून कफ उताराने खाली आणायची पद्धत लंडनच्या डॉ. विल्यम एवर्ट यांनी 1901 मध्ये मांडली होती. पहिल्या महायुद्धात छातीला जखमा झालेल्या सैनिकांना श्वासाचे व्यायाम दिले गेले. तो 'हा' करण्याचा प्रकार 1960-70 च्या दशकांत न्यूझीलंड आणि लंडनमध्ये घडत गेला. त्यामुळे आता डोकं खाली करून झोपवण्यापेक्षा श्वासावर जास्त भर असतो.

आणि भारतात? पोलिओच्या साथीनंतर, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा निघाली ती मुंबईच्या केईएम रुग्णालयात. म्हणजे परळमध्येच! आजोच्या गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे केईएमच्याच डॉक्टरांनी गिरण्यांतल्या बिसिनोसिसचा अभ्यासही केला. विद्या शेजारी होती, पण आजोपर्यंत पोचली नाही. त्याचा रोग बरा झाला असता असं मी म्हणत नाही. पण निदान रात्रीची झोप मिळाली असती.

एक सांगतो, व्हिडिओ बघून घरच्या घरी सुरू करू नका. थुंकीतून रक्त पडत असेल, बरगडी मोडलेली असेल, हृदयाचा त्रास असेल, तर थापटणं धोक्याचं. कोरड्या खोकल्याला याचा उपयोग नाही. जेवल्या जेवल्या करायचं नाही. आणि टीबी असेल तर थुंकी झाकणाच्या डब्यातच. आधी डॉक्टरांना विचारा, मग एकदा शिकून घ्या. कोविडच्या वेळी पालथं झोपायला सांगायचे ते वेगळं, ते ऑक्सिजन वाढवायला होतं.

या उपचाराला महागडं मशीन लागत नाही. लागतो तो शिकवणारा माणूस. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी तो बसावा, एवढी मागणी आपण ग्रामसभेत का करू नये?

तुमच्या घरात गिरणीतून खोकला घेऊन आलेला आजो होता का? खाली लिहा. पुढच्या ग्रामसभेला मी ते सगळं घेऊन जाणार आहे.