उपनगरांतील हरवलेली दुकाने आणि परमिट रूम

वडाळा ते कासारवडवली या मेट्रो-४ मार्गिकेच्या स्थानकांच्या यादीत ‘श्रेयस सिनेमा’ आणि ‘शांग्रिला’ अशी दोन नावे आहेत. पहिले घाटकोपर पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर असलेल्या चित्रपटगृहाचे, दुसरे भांडुपच्या बिस्किट कंपनीचे. चित्रपटगृहाचे खेळ थांबले, बिस्किटांच्या भट्ट्याही विझल्या. मात्र बसथांब्याला आणि रिक्षावाल्याला सांगायच्या पत्त्याला ही नावे इतकी चिकटली, की नव्या रेल्वेलाही ती घ्यावी लागली. मुंबईच्या उपनगरांतील बहुतेक दुकानांच्या, हॉटेलांच्या आणि परमिट रूमच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडच्या जुन्या रहिवाशांच्या आठवणींतच ती उरली आहेत. ती कशी आली, कशी चालली आणि का गेली, हे समजून घेतल्याशिवाय उपनगरांचा सामाजिक इतिहास पुरा होत नाही.

स्टेशनाभोवतीचा बाजार

आज मुंबईचा भाग मानली जाणारी ही उपनगरे महापालिकेच्या हद्दीत दोन टप्प्यांत आली. १९५० मध्ये हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत वाढली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. म्हणजे अंधेरी आणि घाटकोपर आधी मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड नंतर. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा तर १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला.

या सर्व ठिकाणी बाजाराची घडण सारखीच होती. रेल्वे स्टेशन हे केंद्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांची रांग. मुलुंडची आखणी १९२० च्या दशकात आडव्या-उभ्या रस्त्यांच्या पद्धतीने झाली, त्यामुळे तेथील बाजारपेठ नीट ओळीत वसली. अंधेरी आणि बोरिवलीत मात्र जुन्या गावठाणांच्या वाटांवरच दुकाने उभी राहिली. कामावरून परतणारा माणूस स्टेशनवर उतरून घरी जाईपर्यंत भाजी, किराणा, औषध आणि संध्याकाळचे वर्तमानपत्र घेत असे. दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या लोकलची वेळ ठाऊक असे.

वाणी, वखार आणि दूध केंद्र

रहिवाशांच्या आठवणींत पहिला मान वाण्याच्या दुकानाचा. घाटकोपर आणि मुलुंडमध्ये हा व्यवसाय मुख्यतः कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांकडे होता. माल उघड्या पोत्यांत आणि पत्र्याच्या डब्यांत असे. तो कागदाच्या पुडीत बांधून मिळे आणि पुडीला गुंडाळलेला दोरा घरात जपून ठेवला जाई. पण या दुकानाची खरी ओळख म्हणजे उधारीची वही. महिन्याच्या सुरुवातीला पगार झाला, की मागचा हिशेब चुकता करायचा आणि नवे पान सुरू करायचे, ही पद्धत गिरणी-कारखान्यांतील कामगारांपासून कचेरीतील कारकुनांपर्यंत सर्वत्र होती. बँकेत कर्ज मिळण्याची शक्यता नसलेल्या कुटुंबांना आजारपणात, संपात किंवा लग्नकार्यात ही वहीच आधार देई.

वाण्याच्या शेजारी कोळशाची आणि जळाऊ लाकडाची वखार असे. स्वयंपाकाचा गॅस घरोघरी पोहोचला तशी वखारींची गरज संपली आणि त्यांच्या जागा हार्डवेअरच्या किंवा प्लायवूडच्या दुकानांनी घेतल्या. रेशनच्या दुकानासमोर रॉकेलसाठी लागणारी डब्यांची रांगही त्याच सुमारास आखूड झाली.

दुधाची गोष्ट निराळी. गोरेगावातील आरे दूध वसाहतीची स्थापना १९४९ ची. तेथून निघणारे दूध काचेच्या बाटल्यांतून, वर पातळ धातूच्या रंगीत झाकणासह, केंद्राकेंद्रांवर पोहोचे. त्यासाठी दुधाचे कार्ड लागे आणि पहाटे रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभे राहण्याचे काम बहुधा घरातील मुलांकडे असे. प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्यावर बाटल्या गेल्या, पुढे दूध घरपोच येऊ लागले आणि रांगही गेली. अनेकांच्या शेजारपाजाऱ्यांशी ओळखी या रांगेतच झाल्या होत्या.

इराणी ते उडुपी

मुंबईच्या इराणी हॉटेलांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. उपनगरांत त्यांची संख्या शहराच्या मानाने कमी होती, तरी स्टेशनाजवळच्या मोक्याच्या कोपऱ्यांवर ती दिसत. संगमरवरी पृष्ठाची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरील आरसे, ब्रून मस्का आणि कडक चहा ही त्यांची सर्वपरिचित लक्षणे. एका कपावर तासभर बसता येई. नोकरीच्या शोधात असलेला तरुण, विमा एजंट, नाटकाच्या तालमीहून परतणारी मंडळी अशा सर्वांना ते परवडे.

इराणी मालकांच्या पुढच्या पिढ्या अन्य व्यवसायांत गेल्या आणि त्या जागा हळूहळू उडुपी हॉटेलांनी, बँकांनी आणि मोबाइलच्या दुकानांनी घेतल्या. उडुपी हॉटेलाने इडली-डोसा आणि स्वच्छता दिली. पण तेथील गणित टेबल लवकर मोकळे होण्यावर बेतलेले होते.

आंटीच्या अड्ड्यापासून परमिट रूमपर्यंत

परमिट रूम हा शब्द मुंबईच्या कायद्यातून जन्मला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यानंतर राज्यात कडक दारूबंदी लागू झाली. मागणी मात्र संपली नाही. हातभट्टीची दारू खाडीकाठी आणि झाडीत गाळली जाई आणि वस्त्यांमधील घरांत गुपचूप विकली जाई. अशी घरे पुष्कळदा गोवन ख्रिस्ती स्त्रिया चालवीत, त्यामुळे ‘आंटीचा अड्डा’ हे नाव रूढ झाले.

वसंतराव नाईक १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात दारूबंदी सैल करण्यात आली. पिणाऱ्याने सरकारी परवाना घ्यावा आणि परवाना असलेल्याच ठिकाणी बसून प्यावे, अशी व्यवस्था झाली. म्हणून ती ‘परमिट रूम’. विदेशी पद्धतीच्या मद्यासाठी ‘एफएल-३’ आणि देशी दारूच्या दुकानासाठी ‘सीएल-३’ ही परवान्यांची नावे आजही कायम आहेत.

मंगळूर-उडुपी भागातून आलेल्या शेट्टी मंडळींनी हा व्यवसाय उपनगरांत रुजवला. काळ्या काचा, मंद दिवे, उकडलेले चणे किंवा शेंगदाण्यांचा चकणा आणि ‘क्वार्टर’ची भाषा ही तेथील ओळख. अंधेरीच्या एमआयडीसीतील आणि लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांतील कामगार पाळी सुटल्यावर तेथे येत. पगाराच्या संध्याकाळी उभे राहायलाही जागा नसे. तेथील वेटर नेहमीच्या गिऱ्हाइकाला मागणी न विचारता पेला आणून ठेवी, आणि प्रमाण वाढले तर घरी जाण्याची आठवणही करून देई.

या व्यवसायाला धक्के बसले ते एकामागून एक. १९८० च्या दशकापासून कारखाने बंद पडू लागले किंवा मुंबईबाहेर गेले आणि पगाराच्या संध्याकाळी ओसरल्या. १५ ऑगस्ट २००५ पासून डान्स बारवर बंदी आली. ती उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, पण तोवर अनेक जागांचा व्यवसाय बदलला होता. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाची अंमलबजावणी १ एप्रिल २०१७ पासून झाली आणि पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्गांलगतची दुकाने व बार बंद झाले. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने पालिका हद्दीतील परवान्यांबाबत स्पष्टीकरण दिल्यावर मार्ग मोकळा झाला. त्यानंतर मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली. राज्यातील बार ५ ऑक्टोबर २०२० रोजी पुन्हा उघडले, तेव्हा भाडे थकलेल्या कित्येकांची कुलपे निघालीच नाहीत.

दरम्यान अंधेरीत लोखंडवाला, ओशिवरा आणि लिंक रोड परिसरात पब आले. परवान्याच्या दृष्टीने तेही परमिट रूमच, पण तेथील गिऱ्हाईक, संगीत आणि भाव वेगळे. भाडे इतके चढे, की थोड्याच वर्षांत एकाच जागी दोन-तीन नावे बदलतात.

पडदा, कॅसेट आणि पिवळा फोन

करमणुकीच्या दुकानांचे आयुष्य सर्वांत कमी ठरले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ररी निघाल्या. शनिवार-रविवारी व्हीसीआर आणि तीन चित्रपट भाड्याने आणून चाळीतील सर्वांनी मिळून पाहणे, ही दहा वर्षांची प्रथा. १९९० च्या दशकात केबलने ती संपवली. कॅसेटची दुकाने सीडीने, सीडीची दुकाने मोबाइलने संपवली. २००३ मध्ये मोबाइलवर येणारे फोन मोफत झाले आणि एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक उतरू लागले. अनेक अपंग व्यक्तींना रोजगार देणारा हा व्यवसाय वीस वर्षेही पुरता टिकला नाही.

मासिके आणि कादंबऱ्या भाड्याने देणारी छोटी वाचनालये याच काळात बंद झाली. मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ किंवा विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ यांची ग्रंथालये मात्र टिकली, कारण त्यांच्यामागे संस्था, सभासद आणि स्वतःची वास्तू होती. कोणते दुकान टिकते आणि कोणते जाते, याचे उत्तर येथेच सापडते.

कागद असलेले आणि नसलेले

दुकाने केवळ गिऱ्हाईक आटल्याने गेली, असे मानणे अपुरे आहे. चांगली चालणारी कित्येक दुकानेही गेली. त्यामागे जागेच्या हक्काचे कारण होते.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे जुन्या भाडेकरूंचे भाडे गोठले आणि पागडीची पद्धत रुजली. छोट्या दुकानदाराला मोक्याच्या जागी दोन-तीन पिढ्या तग धरता आला तो या स्वस्त भाड्यामुळे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली. मात्र नवे दुकानदार तोवर ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर येऊ लागले होते. त्यात मुदत संपली की जागा सोडायची, एवढेच ठरलेले असते.

त्यात पुनर्विकास सुरू झाला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती राज्य सरकारने कलम ७९-अ अन्वये जानेवारी २००९ मध्ये ठरवली आणि जुलै २०१९ मध्ये तिच्यात बदल केले. इमारत पाडताना जो दुकानदार संस्थेचा सभासद आहे किंवा पागडीचा भाडेकरू आहे, त्याच्याशी करार करावा लागतो. जो लायसन्सवर आहे किंवा जिन्याखालच्या, ओट्यावरच्या जागेत तोंडी परवानगीने बसला आहे, त्याला काहीच मिळत नाही. शिंपी, चांभार, घड्याळजी, इस्त्रीवाला, पानवाला हे बहुतेक याच वर्गातील. नव्या इमारतीत तळमजल्यावर वाहनतळ येतो. जेथे दुकाने ठेवली जातात, तेथे ती मोठ्या आकाराची आणि मोठ्या भाड्याची असतात, त्यामुळे औषधांच्या साखळी दुकानांना, बँकांना आणि रोगनिदान केंद्रांनाच ती परवडतात.

आठवणींचे गोड आणि कडू

रहिवाशांच्या आठवणी विश्वासार्ह असतात, पण त्या निवडक असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. उधारीची वही सर्वांसाठी उघडत नसे. जात, भाषा आणि नोकरी पाहूनच नाव लिहिले जाई, आणि मापात मारणारे वाणीही होतेच. परमिट रूमच्या आठवणी बहुतांशी पुरुषांच्या आहेत. त्याच पगाराच्या संध्याकाळी घरी वाट पाहणाऱ्या स्त्रियांच्या आठवणी वेगळ्या आहेत. विक्रोळीत २००४ मध्ये विषारी दारूने ऐंशीहून अधिक, तर मालवणीत २०१५ मध्ये शंभराहून अधिक बळी घेतले. अड्ड्यांच्या रंजक कहाण्यांना ही दुसरी बाजू आहे.

तरीही या आठवणींत एक गोष्ट सातत्याने येते. लोकांना माल फारसा आठवत नाही, ओळख आठवते. किल्ली ठेवायला दिलेला वाणी, परीक्षेच्या निकालावर पेढा मागणारा पानवाला, वडिलांना घरापर्यंत सोडणारा वेटर हे सर्व त्या विश्वासाचे साक्षीदार होते. वस्तू आज दहा मिनिटांत दारात येते, पण आणणाऱ्याचे नाव ठाऊक नसते.

नोंद कोण ठेवणार?

या दुकानांची अधिकृत नोंद कोठे असेल, तर ती ‘गुमास्ता’ दप्तरात. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यानुसार लहानमोठ्या प्रत्येक दुकानाची नोंदणी पालिकेकडे होई आणि तीत नाव, मालक, व्यवसाय, पत्ता हे तपशील असत. डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या नव्या राज्य कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे झाले. व्यवसाय करणे त्यामुळे सोपे झाले, पण छोट्या दुकानांचा मागमूस ठेवणारे दप्तर त्याच प्रमाणात पातळ झाले.

अशा वेळी नोंदीची जबाबदारी रहिवाशांवरच येते, आणि ती फारशी खर्चाची नाही. इमारत पाडण्यापूर्वी तळमजल्यावरील दुकानांची छायाचित्रे घेणे, नामफलक आणि एखादी जुनी उधारीची वही संस्थेच्या कार्यालयात जपणे, दुकानदार कोणत्या साली आला आणि कोठे गेला हे संस्थेच्या इतिवृत्तात लिहून ठेवणे, एवढे कोणत्याही गृहनिर्माण संस्थेला जमण्यासारखे आहे. स्थानिक ग्रंथालयांनी ते कागद स्वीकारले, तर पुढील अभ्यासकांचीही सोय होईल. चित्रपटगृहाचे नाव मेट्रो स्थानकाला मिळू शकते. जिन्याखाली तीस वर्षे बसलेल्या घड्याळजीचे नाव कोठेतरी लिहून ठेवले तरच राहील.