चिखल, पाणी आणि बहात्तर साल

मंडळी, गेल्या पावसाळ्यात माझं आणि माझ्या नातवाचं भांडण झालं. कशावरून, तर मोटरसायकल धुण्याच्या यंत्रावरून! हसू नका. आमच्या घरात आठ दिवस फोन वाजला नव्हता.

नातू पुण्यात नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर डोंगरात, ओढ्यात, चिखलात मोटरसायकल घालायची हा त्याचा छंद. अशा गाडीला 'डर्ट बाइक' म्हणतात हे ज्ञान मला त्याच्याकडूनच मिळालं. परत येते तेव्हा गाडीचा मूळ रंग ओळखू येत नाही. आधी तो ती एका वॉशिंग सेंटरवर धुऊन घ्यायचा. दोन महिन्यांत मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. मेकॅनिक म्हणाला, जोराच्या पाण्याने सील ओलांडून पाणी आत गेलं, ग्रीस धुतलं गेलं आणि गंज धरला. तेव्हा चिरंजीवांनी ठरवलं, आता स्वतःचंच यंत्र घ्यायचं, आणि तेही चांगलं १५० बारचं!

मी फोनवर म्हणालो, "अरे, तुमच्या सोसायटीत टँकर येतो ना? प्यायचं पाणी मातीवर उडवायला यंत्र कसलं घेतोस? बहात्तर साली आम्ही..." त्याने मला मध्येच तोडलं. "आबा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत बहात्तर सालच कसं आठवतं?"

आठवतं खरं. १९७२च्या दुष्काळात मी बावीस वर्षांचा होतो. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने घागर भरलेली आहे मी. पण हे त्याला सांगायच्या आत फोन बंद झाला, आणि रविवारचा नेहमीचा फोनही आला नाही.

मी इतिहासाचा मास्तर. अडलं की सनावळीकडे वळायचं ही जुनी खोड. म्हटलं, हे यंत्र आलं कुठून ते तरी पाहू.

पाणी दाबून फेकण्याची कल्पना फार जुनी निघाली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने दोन दट्ट्यांचा पंप केला होता. एक दट्ट्या पाणी ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. पुढे आग विझवायला तो वापरला गेला. आजच्या धुण्याच्या यंत्रातही लहान लहान दट्ट्येच असतात, फक्त ते मोटरवर चालतात. बंदिस्त पाण्यावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो हा पास्कलचा नियम. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. (हे शिकवायचं काम शेजारच्या वर्गातल्या विज्ञानाच्या सरांचं होतं. मला ते पंचाहत्तरीत कळलं!)

धुण्यासाठी म्हणून दाबाचा वापर मात्र विसाव्या शतकातला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस फ्रँक ऑफेल्ट याने वाफेच्या फवाऱ्याचं यंत्र केलं. गॅरेजातल्या फरशीवरचं आणि इंजिनावरचं वंगण वाफेने सुटतं, हे त्यामागचं तत्त्व. जर्मनीत आल्फ्रेड कार्चर याने १९३५ साली आपला कारखाना काढला आणि १९५० साली गरम पाण्याचं, उच्च दाबाचं यंत्र बाजारात आणलं. युरोपातलं ते पहिलंच. १९५९ साली तो वारला आणि त्याची पत्नी इरेने हिने कारखाना सांभाळला, तोही तब्बल तीन दशकं. १९८० साली रिओतला येशूचा प्रचंड पुतळा याच कंपनीच्या यंत्रांनी स्वच्छ केला. आणि हाताने उचलून नेता येईल असं, घरच्या माणसाने वापरायचं यंत्र या कंपनीने काढलं ते १९८४ साली.

इथे मी थांबलो. यंत्राचा जन्म कशासाठी झाला? वंगणासाठी. नंतर ते दगडापर्यंत गेलं. दोन्ही हट्टी! वंगण पाण्यात विरघळत नाही, म्हणून उष्णता आणि जोर लागतो. पण चिखल? माती पाण्यात आपण होऊन सुटते. तिला जोर नको, वेळ हवा. शेतातून आल्यावर पाय धुताना आपण काय करतो? आधी भिजवतो, मग चोळतो.

दुसऱ्या बाजूला या गाड्यांचाही इतिहास पाहिला. २९ मार्च १९२४ रोजी इंग्लंडमधल्या कॅम्बर्लीजवळ माळरानावर मोटरसायकलींची शर्यत झाली. तिला नाव पडलं 'स्क्रॅम्बल', म्हणजे धांदल, धडपड! मोटोक्रॉस या खेळाचा उगम तिथला मानतात. आपल्याकडच्या सी. एस. संतोष याने २०१५ साली डकार रॅली पूर्ण केली, असं करणारा तो पहिला भारतीय. म्हणजे चिखलात जाणं हा गाडीचा अपमान नव्हे, ती त्यासाठीच बनलेली. मी उगीचच नाक मुरडत होतो.

मग पाण्याचा हिशोब मांडला. आमची सोळा लिटरची बादली नळाला जोडलेल्या पाइपने ऐंशी सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पाइप सोडून वीस मिनिटं गाडी धुतली तर २४० लिटर. घरगुती विजेचं यंत्र मिनिटाला साधारण सहा लिटर घेतं. खटका दाबलेला असतो दहाएक मिनिटं, म्हणजे ६० लिटर. बॅटरीवरचं लहान यंत्र मिनिटाला चारच्या आसपास, म्हणजे ४० लिटर. अडीच बादल्या! मी स्वतः फडक्याने धुतली असती तर तीन बादल्या लागल्या असत्या, आणि फडक्यातल्या खड्यांनी रंगावर ओरखडे उठले असते ते वेगळंच.

म्हणजे पाण्याच्या बाबतीत मी चुकलो होतो. जोराच्या बाबतीत तो.

रविवारी मीच फोन केला. आधी कबुली दिली. मग म्हटलं, "आता माझं ऐक. एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. सातव्या मजल्याएवढ्या उंच टाकीतून तळाला दोन बार मिळतात. तू म्हणतोस ते दीडशे बार! बेअरिंग कशाने गेलं विसरलास का?" पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "किती बारचं घेऊ आबा?"

आम्ही दोघांनी मिळून ठरवलं ते असं. बॅटरीवरचं यंत्र, कारण त्याच्या पार्किंगमध्ये विजेचं बटण नाही. पंचवीस-तीस बार पुरे. बादलीतून पाणी ओढता आलं पाहिजे, कारण तिथे नळही नाही, आणि बादलीने मोजलेलं पाणी डोळ्यांना दिसतं. फवारा पंख्यासारखा पसरणारा हवा, सुईसारखा नको. बॅटरी निघणारी हवी, जमल्यास त्याच्या ड्रिलला बसते तीच. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, म्हणून तर हे यंत्र एका पिशवीत मावतं.

धुण्याची रीतही ठरली. गाडी थंड झाल्यावर धुवायची. सायलेन्सरच्या तोंडाला बूच लावायचं. आधी फवारून दहा मिनिटं भिजू द्यायचं. नळी हातभर लांब धरायची. चाकाचा मध्य, साखळी, हँडलखालची बेअरिंग, विजेचे जोड आणि हवेच्या फिल्टरची जागा यांवर सरळ मारा करायचा नाही, तिथे ब्रश. शेवटी साखळी पुसून तेल द्यायचं, आणि ब्रेक कोरडे होईपर्यंत गाडी हळू चालवायची.

यंत्र आलं. पहिल्या धुण्याला तीन बादल्या लागल्या. माझा अंदाज अर्ध्या बादलीने चुकला, तेही त्याने फोन करून कळवलं. नंतर म्हणाला, "आबा, ते विहिरीत उतरून पाणी भरायचं तुम्ही अर्धवट सांगितलं होतंत. पुढे काय?"

पुढचं सांगायला मला पाऊण तास लागला. असो. तुमच्यापैकी कोणी असं यंत्र वापरत असेल तर किती बादल्या लागतात ते जरूर कळवा. नातवाला सांगायचं आहे.