भावाची तारीख

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पावलोपावली गंज भेटतात: दौलतगंज, जयेंद्रगंज, आणि मी हे लिहितो आहे ते इंदरगंज. फारसीत गंज म्हणजे खजिना किंवा कोठार. पुढे तो शब्द बाजारपेठेला चिकटला. धान्य, पैसा आणि सरकार यांचा संबंध तपासायला यापेक्षा योग्य पत्ता मला सुचत नाही.

हमीभाव म्हटला की आपण आकडा विचारतो. माझ्या मते आधी तारीख विचारावी.

१९६५ मध्ये अर्थतज्ज्ञ दांतवालांच्या अध्यक्षतेखाली कृषी मूल्य आयोग नेमला गेला, तेव्हापासून अभ्यासकांनी आकड्यावर भरपूर लिहिले. उत्पादन खर्च कसा धरायचा, घरच्यांच्या श्रमाला काय मोल द्यायचे, हे वाद महत्त्वाचेच आहेत. शेतकरी नेते शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून मराठी माणसाला हे गणित शिकवले. पण भाव ठरतो केव्हा आणि हातात पडतो केव्हा, याचा हिशेब फार थोड्यांनी मांडला. २०१८ चे खरिपाचे भाव ४ जुलैला जाहीर झाले; तोवर पेरण्या सुरू होऊन गेल्या होत्या. २०२४ चे रब्बीचे भाव १६ ऑक्टोबरला आले. गव्हाला ते वेळेवर होते. पण आमच्या भिंड-मुरैन्याकडे मोहरी सप्टेंबरअखेरपासूनच पेरतात. त्या शेतकऱ्याने बियाणे मातीत टाकले ते अंदाजाने.

दुसरी तारीख चुकाऱ्याची. शेतमालाच्या पैशाला चुकारा हा शब्द विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या तोंडी रुळलेला आहे. १९७२ साली सुरू झालेल्या सरकारी कापूस एकाधिकार खरेदीत तो हप्त्यांनी मिळे, आणि पुढच्या हप्त्याची वाट पाहणे हा घरोघरचा अनुभव होता.

उशिराची किंमत मोजता येते. पन्नास क्विंटल गहू, २०२४ मध्ये जाहीर झालेला भाव क्विंटलला २,४२५ रुपये. एकूण १,२१,२५० रुपये. चुकारा महिनाभर लांबला आणि तेवढीच रक्कम सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिना दराने उचलावी लागली, तर व्याज होते २,४२५ रुपये. बरोबर एक क्विंटल. काट्यावर पूर्ण भरलेल्या पन्नास क्विंटलांतला एक वाट पाहण्यात गेला, आणि तो कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

कायद्याला हे कळत नाही असे नव्हे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात कारखान्याला चौदा दिवसांची मुदत आहे, त्यापुढे पंधरा टक्के व्याज. मध्य प्रदेशाच्या १९७२ च्या मंडी कायद्याने व्यापाऱ्याला त्याच दिवशी पैसे चुकते करायला सांगितले. खाजगी खरेदीदाराला घातलेली ही शिस्त सरकारने स्वतःलाही तितक्याच कठोरपणे लावावी, असे मला ठामपणे वाटते. मध्य प्रदेशाच्याच २०१७ च्या भावांतर योजनेत तर विकताना आपल्याला नेमके किती मिळणार हेच शेतकऱ्याला ठाऊक नसे. हमीभाव आणि बाजारभाव यांतल्या फरकाची रक्कम नंतर, सरासरी बाजारभाव काढून ठरायची.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी एक करा. गावाकडच्या घरी खरेदी केंद्राची जुनी पावती असेल तर ती काढा, आणि शेजारी बँकेचे पासबुक ठेवा. माल मोजला गेला तो दिवस आणि पैसे जमा झाले तो दिवस, दोन्ही समासात लिहून ठेवा.