महात्मा फुले मंडई

महात्मा फुले मंडई (पूर्वीचे नाव : रे मार्केट) ही पुणे शहराच्या शुक्रवार पेठेतील भाजी व फळबाजाराची एकोणिसाव्या शतकातील वास्तू आहे. बोलीभाषेत तिला केवळ 'मंडई' असे म्हणतात.

इतिहास

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने त्यासाठी बंदिस्त इमारत बांधण्याचे ठरविले. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधलेली ही इमारत १८८६ मध्ये खुली झाली. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले.

वास्तुरचना

इमारत नवगॉथिक शैलीत असून तिच्या मध्यभागी उंच अष्टकोनी मनोरा आहे. मनोऱ्यापासून चहूबाजूंना पाख्या फुटल्या आहेत. टोकदार कमानी, काळ्या दगडाच्या भिंती व उतरती कौलारू छपरे ही तिची वैशिष्ट्ये होत. गॉथिक ही मुळात युरोपातील चर्चवास्तूंची शैली. प्रार्थनास्थळाची उंची व डौल येथे भाजीबाजाराला लाभला आहे. त्यामुळे ही वास्तू केवळ उपयोगाची न राहता दुरूनही ओळखू येणारी शिल्पाकृती बनली आहे. उंच छपरामुळे गाळ्यांमध्ये हवा खेळती राहते. शोभेची रचना आणि बाजाराची सोय यांचा असा मेळ साधला आहे.

फुले यांचा विरोध

महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर मोठा खर्च करण्याऐवजी तो पैसा सर्वसामान्यांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे मत होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावरील खर्चासही त्यांनी विरोध केला होता. फुले यांचा आक्षेप बाजाराला नव्हता, तर खर्चाच्या अग्रक्रमाला होता. मंडईच्या ठरावावर मात्र त्यांचे मत मान्य झाले नाही.

नामांतर

१९३८ मध्ये आचार्य प्र. के. अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे 'महात्मा फुले मंडई' असे नामकरण झाले. ज्या वास्तूच्या खर्चास फुले यांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव मिळाले. वास्तूचे सौंदर्य आणि तिच्यासाठी मोजलेली किंमत या दोन्हींचा विचार हे नाव आजही जागा ठेवते.

परिसर

मंडईच्या परिसरात लोकमान्य टिळकांचा पुतळा तसेच अखिल मंडई मंडळाच्या शारदा गजाननाचे मंदिर आहे. २०२४ मध्ये येथे पुणे मेट्रोचे 'मंडई' हे भुयारी स्थानक सुरू झाले.