डाँकी काँगचा गाळलेला मजला

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना तो गोरिला नक्की आठवत असेल. वर उभा राहून पिंपं सोडणारा, आणि खालून टोपीवाला मारिओ शिड्या चढत त्याच्याकडे निघालेला. ज्या लोखंडी तुळयांवरून पिंपं गडगडत यायची त्या सगळ्या तिरक्या होत्या. त्या तिरक्या का, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ते दाखवणारं दृश्य आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

ते दृश्य होतं गेम पार्लरमधल्या मूळ यंत्रात. नाणं टाकलं की गोरिला पळवलेल्या मुलीला खांद्यावर टाकून सरळसोट इमारतीच्या शिड्या चढायचा, वर जाऊन धाडधाड उड्या मारायचा आणि प्रत्येक उडीसरशी एकेक तुळई वाकायची. पाच-सात सेकंदांचा खेळ, पण सगळी गोष्ट त्यात होती.

या गेमचा जन्म अडचणीतून झाला. निन्टेंडोने १९८० साली ‘रडार स्कोप’ नावाचा गेम काढला. अमेरिकेतल्या शाखेने त्याची ३,००० यंत्रं मागवली आणि त्यातली जेमतेम १,००० खपली. उरलेल्या कपाटाएवढ्या यंत्रांत बसेल असा नवा गेम तातडीने हवा होता. ते काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आलं; देखरेख गुन्पेई योकोई यांची, आणि प्रोग्रामिंगचं काम इकेगामी त्सुशिंकी या बाहेरच्या कंपनीकडे. मियामोतोंना खरं तर कार्टूनमधला पॉपाय हवा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून पॉपायचा वैरी ब्लूटो याचा गोरिला झाला आणि पॉपायचा झाला एक सुतार. सोळा-एक ठिपक्यांच्या उंचीत तोंड काढता येईना, म्हणून मोठं नाक आणि मिशी. केस काढायला नकोत म्हणून टोपी. हात हलताना दिसावेत म्हणून अंगात डांगरी. मारिओचं सगळं रूप असं जागेच्या टंचाईने घडवलेलं आहे. जुलै १९८१मध्ये डाँकी काँग बाजारात आला आणि निन्टेंडो अमेरिकेत तरली.

घरी तो पहिल्यांदा आला १९८२ साली, अमेरिकेतल्या कोलेको कंपनीच्या यंत्रासोबत. पण आपल्याकडे पोचला तो दुसऱ्या वाटेने. निन्टेंडोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी मासायुकी उएमुरा या अभियंत्याला घरात वापरायचं, कॅसेट बदलता येईल असं यंत्र बनवायला सांगितलं. उएमुरांसमोर कसोटी होती ती डाँकी काँगचीच: हा गेम घरच्या टीव्हीवर नीट चालला पाहिजे. रिकोह कंपनीने चिपा बनवल्या आणि १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला ‘फॅमिकॉम’ जपानमध्ये विक्रीला आला. त्याच दिवशी तीन कॅसेट निघाल्या: डाँकी काँग, त्याचा पुढचा भाग आणि, आता हक्क मिळालेला, पॉपाय.

डाँकी काँगच्या त्या कॅसेटमध्ये जागा होती अवघी २४ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोसुद्धा याच्या शंभरपट असतो. मूळ गेमला २५, ५०, ७५ आणि १०० मीटर उंचीचे चार टप्पे; त्यातला ५० मीटरचा गाळावा लागला. सुरुवातीचं तुळया वाकवण्याचं दृश्यही गेलं. घरी खेळणारा मारिओ पंचवीसवरून थेट पंचाहत्तरवर जायचा, आणि मधला मजला गायब आहे याची त्याला कल्पना नसायची.

पण याच काटछाटीने हा गेम आपल्या घरात आणला, असं मला ठामपणे वाटतं. पुढे तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या मुख्य चिपांच्या नकला केल्या. त्यावर स्वस्त यंत्रं निघाली आणि समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी भारतात आली. त्यांच्यासोबत ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट असायची. एकाच कॅसेटमध्ये पुष्कळ गेम कोंबायचे तर ते छोटेच हवेत, म्हणून १९८३ ते ८६चे चिमुकले गेम त्यात भरले गेले: गॅलॅक्सियन, पॉपाय, सर्कस चार्ली, बॅटल सिटी आणि आपला गोरिला. नंतरचे मोठे गेम तिथे मावलेच नसते. यादीतली बाकीची नावं म्हणजे तेच गेम पुढच्या टप्प्यापासून किंवा जास्त लाइफ देऊन सुरू केलेले.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे हे यंत्र दुपारी निघायचं. अँटेनाच्या जागी त्याची वायर खोचायची आणि चॅनेलचं बटण फिरवत बसायचं. टीव्हीवरच्या मुंग्या हळूहळू विरळ होत आणि मागून गेमची यादी उमटे. उमटली नाही तर आतेभाऊ ओरडायचा, “काढ ती, फुंकर मार!” कॅसेट पुन्हा घट्ट बसली की पट्ट्या जुळायच्या आणि गेम चालू व्हायचा, श्रेय मात्र फुंकर मारणाऱ्याला. मग एकाची लाइफ संपेपर्यंत बाकीचे गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. हातोडा मिळाला की शिडी चढता येत नाही, हे धाकट्यांना दर वेळी ओरडून सांगावं लागे. तिसऱ्या टप्प्यातल्या आठ खिळ्यांवरून चालत गेलं की इमारत ढासळायची आणि गोरिला डोक्यावर आपटायचा. त्या क्षणी घरात जो गलका व्हायचा, तो मला आजही ऐकू येतो.

मूळ गेम घरी यायला फार उशीर लागला. त्याच्या प्रोग्रामवर इकेगामीने हक्क सांगितला होता. तो वाद १९९० साली तडजोडीने मिटला. तरीही पार्लरमधला अस्सल डाँकी काँग निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर आला तो २०१८ साली. तो मी मिळवून खेळले. तुळया वाकताना पाहिल्या, आणि मग आला ५० मीटरचा टप्पा: सरकत्या पट्ट्यांवरून सिमेंटची घमेली येतात, वरच्या शिड्या मध्येच आखडतात, आणि गोरिला स्वतःसुद्धा पट्ट्यावर डावीउजवीकडे वाहत राहतो. चार टप्प्यांत मला हाच सर्वांत आवडला. आतेभावाला फोन करून सांगितलं, तर त्याने आधी विचारलं, इथे हातोडा मिळतो का. मिळतो, दोन मिळतात.